अनुभव धागा: लेझरने चष्म्याचा नंबर घालवताना

धागाकर्ती, रत्नागिरी

सप्रेम नमस्कार. गेल्या वर्षी मी दोन्ही डोळ्यांची लॅसिक शस्त्रक्रिया करून घेतली. तेव्हापासून शाळेतले सहकारी आणि शेजारी मला प्रथम एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे दुखते का. मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते दोन प्रश्न असे, की आपला डोळा या शस्त्रक्रियेस मुळात योग्य आहे का, आणि नंतरचे काही आठवडे डोळे जपणे आपल्याला जमणार आहे का. भातलावणी, आंब्याचा हंगाम, गणपती आणि शिमगा यांनी भरलेल्या आपल्या वर्षात ते आठवडे कोठे बसवायचे, हे शहरातल्या माहितीपत्रकात सापडत नाही. म्हणून ज्यांची शस्त्रक्रिया झाली, ज्यांना डॉक्टरांनी नकार दिला आणि ज्यांना नंतर त्रास झाला, अशा सर्वांनी येथे सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रारंभ माझ्यापासून करते. माझा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे साडेपाच होता आणि तो दोन वर्षे बदललेला नव्हता. तपासणीसाठी कोल्हापूरला जाण्याआधी दोन आठवडे कॉन्टॅक्ट लेन्स पूर्ण बंद ठेवायला सांगितले होते, कारण लेन्सच्या दाबाने पारपटलाचा, म्हणजे कॉर्नियाचा, आकार तात्पुरता बदलतो आणि मोजमाप चुकते. त्या दिवशी जवळजवळ तीन तास तपासण्या चालल्या. पारपटलाचा नकाशा काढला, जाडी मोजली, अश्रूंचे प्रमाण पाहिले आणि शेवटी बाहुली मोठी करणारे थेंब घालून दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याचा मागचा पडदा, तपासले. थेंबांमुळे संध्याकाळपर्यंत जवळचे काही वाचता येत नाही आणि उजेड सहन होत नाही, त्यामुळे सोबत कोणीतरी असावे.

डॉक्टरांनी कागदावर मांडलेला हिशेब मी जपून ठेवला आहे. माझ्या पारपटलाची जाडी ५२८ मायक्रॉन होती (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातून वरच्या पापुद्र्यासाठी, म्हणजे लेझरपूर्वी कापून बाजूला उचलतात त्या पारपटलाच्या पातळ थरासाठी, ११० आणि नंबर घालवण्यासाठी सुमारे ८० मायक्रॉन वजा केले, तरी खाली ३३८ उरत होते. ही उरलेली जाडी २५० च्या खाली जाऊ नये, असे मानतात, आणि पुष्कळ डॉक्टर ३०० च्या खाली जाण्यास तयार नसतात. आपला हिशेब प्रत्येकाने डॉक्टरांकडून मांडून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत भूल फक्त थेंबांची असते. पापण्या चिमट्याने उघड्या धरतात आणि पापुद्रा तयार करताना डोळ्यावर दाब येऊन काही क्षण दिसणे मंदावते. हे आधी ठाऊक नसेल, तर माणूस घाबरतो. त्यानंतर लेझर चालू असताना जळक्या केसांसारखा वास येतो, पण डोळा भाजत नसतो. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा हा अतिनील किरण ऊतींमधील रेणूंचे बंध तोडतो आणि आजूबाजूच्या भागाला जवळजवळ उष्णता देत नाही. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत हा गुणधर्म दाखवून दिला. विज्ञान शिकवणारी म्हणून हे सांगताना मला विशेष आनंद होतो. पहिले चार-पाच तास डोळे चुरचुरले आणि पाणी वाहत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र समोरच्या इमारतीवरची पाटी चष्म्याविना वाचता आली.

मालवण, स्कूबा प्रशिक्षक

बाई, आपल्याला दुसऱ्या दिवशी जे दिसले, त्यासाठी मला महिना लागला. माझ्या पारपटलाचा आकार निर्दोष होता, पण जाडी ४९० च्या आसपास असल्यामुळे डॉक्टरांनी पीआरके सुचवली. तिच्यात पापुद्रा न कापता पारपटलावरची अगदी वरची नाजूक त्वचा काढतात, लेझर करतात आणि ती त्वचा पुन्हा येईपर्यंत डोळ्यावर संरक्षक लेन्स ठेवतात. पाण्याखाली मास्कचा धक्का लागण्याचा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे कायमचा पापुद्रा नसणे मलाही सोयीचे वाटले.

दुखण्याविषयी खरे लिहितो. दुसरा आणि तिसरा दिवस मी खोलीचे दरवाजे-खिडक्या लावून काढला. डोळ्यात चुलीची राख गेल्यासारखी आग होत होती आणि वेदनाशामक गोळ्यांनी ती अर्धीच कमी होई. पाचव्या दिवशी लेन्स काढल्यावर आराम पडला, पण दिसणे कधी स्पष्ट, कधी धूसर असे हेलकावे घेत राहिले. पावसाळ्यात आमच्याकडचे स्कूबा बंद असते, म्हणून जूनच्या मध्यावर शस्त्रक्रिया केली, हा निर्णय योग्य ठरला. डॉक्टरांनी मला दीड महिना समुद्रात, विहिरीत आणि ओहोळात उतरू दिले नाही. स्टेरॉइडचे थेंब हळूहळू कमी करत काही महिने चालू होते. या थेंबांमुळे काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून मधल्या तपासण्या चुकवू नयेत. घाट चढून पुन्हा तपासणीला जाण्याचा कंटाळा मलाही आला होता, तरी मी प्रत्येक वेळी गेलो.

सावंतवाडी, एका मुलीची आई

आमच्या मुलीला नकार मिळाला. ती एकोणीस वर्षांची आहे आणि तिचा नंबर दर सहा महिन्यांनी बदलत होता, विशेषतः तिरका नंबर वाढत होता. चष्मा नको म्हणून तिने हट्ट धरला, आम्हीही पैसे बाजूला काढले. पारपटलाच्या नकाशावर खालच्या बाजूला फुगवटा दिसला आणि डॉक्टरांनी केराटोकोनस असल्याचे सांगितले. या विकारात पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते, आणि त्यावर लेझरने आणखी जाडी कमी केली, तर दृष्टीची मोठी हानी होऊ शकते. तिला लहानपणापासून ॲलर्जीमुळे डोळे चोळण्याची सवय होती. ही सवय या विकाराशी जोडलेली आहे, हे आम्हाला तेव्हा प्रथम कळले.

तिच्यावर सीथ्रीआर नावाचा उपचार झाला, ज्यात रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे, थेंब आणि अतिनील किरण यांनी पारपटल घट्ट करतात. त्याने नंबर जात नाही, विकाराची वाढ थांबवण्याचा तो प्रयत्न असतो. त्या दिवशी ती गाडीत रडत होती. आज मला वाटते, की चष्म्याच्या हट्टापायी का होईना, तपासणी वेळेवर झाली. घरात कोणी मूल सतत डोळे चोळत असेल, तर कृपया त्याला डॉक्टरांकडे न्या.

कुडाळ, दशावतारी कलावंत

मी दशावतारात काम करतो आणि रंगमंचावर चष्मा चालत नाही. रंगकाम करून, वर मुकुट चढवून पहाटेपर्यंत कॉन्टॅक्ट लेन्स ठेवल्याने डोळे लाल होत असत. नाटकांचा हंगाम संपल्यावर मी स्माइल प्रकारची शस्त्रक्रिया केली. तिच्यात पापुद्रा न उचलता लहानशा छेदातून पारपटलातली पातळ चकती काढून घेतात. महिनाभर चेहऱ्याला रंग लावला नाही.

दिवाळीनंतर प्रयोग सुरू झाले, तेव्हा प्रत्येक दिव्याभोवती वलय दिसे आणि डोळे कोरडे पडत. या शस्त्रक्रियांत पारपटलातील सूक्ष्म मज्जातंतू कापले जातात, त्यामुळे कोरडेपणा येतो, असे डॉक्टरांनी समजावले. विंगेत गेल्यावर कृत्रिम अश्रूंचे थेंब घालून मी तो हंगाम पार पाडला. वलये सहा महिन्यांत पुष्कळ कमी झाली, पूर्ण गेली नाहीत. रात्री गाडी चालवून गावोगाव जाणाऱ्यांनी याचा आधी विचार करावा.

चिपळूण

माझा अनुभव तक्रारीचा आहे. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी माझा उणे तीनचा नंबर घालवला. दूरचे उत्तम दिसू लागले, पण दुकानातली वही वाचता येईना. पूर्वी चष्मा काढून मी बारीक अक्षर सहज वाचत असे, आता चाळिशी लावल्याशिवाय बिल लिहिता येत नाही. चाळिशी डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगाची लवचिकता कमी झाल्याने येते आणि पारपटलावरच्या लेझरने ती टळत नाही, हे मला त्या रुग्णालयात शस्त्रक्रियेपूर्वी कोणी सांगितले नाही. एक डोळा दूरसाठी आणि दुसरा थोडा जवळसाठी ठेवण्याचा पर्याय असतो, हेही नंतर समजले.

विम्याबद्दल सांगायचे, तर आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींनुसार साडेसात डायोप्टरपेक्षा (डायोप्टर म्हणजे चष्म्याच्या नंबरचे एकक) कमी नंबरच्या दुरुस्तीचा खर्च मिळत नाही.

अलिबाग

माझ्या दृष्टिपटलाला कडेला छिद्र आढळले. आधी त्याभोवती लेझरने बंदोबस्त केला आणि नंबरची शस्त्रक्रिया नंतर झाली. उणे नंबरच्या डोळ्याची लांबी जास्त असते आणि त्याने दृष्टिपटल ताणले जाते; नंबर गेला, तरी ही लांबी तीच राहते, म्हणून दृष्टिपटलाची तपासणी मी आजही दर वर्षी करतो. अचानक चमक किंवा काळे ठिपके दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

धागाकर्ती, रत्नागिरी

सर्वांचे आभार. सावंतवाडीच्या ताई, आपण लिहिलेले वाचून मी वर्गातल्या डोळे चोळणाऱ्या दोन मुलांच्या पालकांना बोलावले आहे. चिपळूणच्या दादांना सुचवावेसे वाटते, की शस्त्रक्रियेपूर्वीचे सर्व अहवाल त्या रुग्णालयाकडून मागून घ्या, तो आपला हक्क आहे. पुढे मोतीबिंदू झाल्यास आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना लेझर झालेल्या डोळ्यात नेहमीचे गणित चुकते आणि जुनी मोजमापे फार उपयोगी पडतात. माझी फाइल मी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली आहे, कारण आपल्या पावसात कागदाला बुरशी धरायला एक महिना पुरतो. जहाजावर नोकरीला जाऊ इच्छिणाऱ्या मुलांपैकी कोणी शस्त्रक्रिया केली असेल, तर वैद्यकीय चाचणीच्या वेळी काय विचारले गेले, ते जरूर लिहावे. माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांना ती माहिती हवी आहे.