लाल क्वेसार दिसला की धुळीवरच बिल फाडायचं का?

रात्रपाळी: माझं मत सरळ आहे, क्वेसार (लांबच्या गॅलक्सीच्या मधोमध महाकाय कृष्णविवरामुळे झगमगणारा गाभा) लाल दिसला की त्याच्या नि आपल्या मध्ये धूळ आहे. ॲक्रिशन डिस्कचा (कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूच्या चकतीचा) मूळ प्रकाश निळसर, धूळ निळा नि अतिनील जास्त खाते, उरतो तो लाल. १९९५ साली वेबस्टर आणि मंडळींनी ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीच्या यादीतले क्वेसार बघून म्हटलंच होतं की ऑप्टिकल सर्व्हेतून ८० टक्क्यांपर्यंत क्वेसार निसटत असतील.

चौकस: झालं, आला तो ८० टक्क्यांचा आकडा! अहो ते सगळे फ्लॅट स्पेक्ट्रमवाले (सगळ्या रेडिओ लहरींवर साधारण सारखेच तेजस्वी) रेडिओ क्वेसार, म्हणजे जेट, कृष्णविवराजवळून सुटणारा वेगवान कणांचा झोत, जवळपास आपल्याच दिशेने. जेटचा सिंक्रोट्रॉन प्रकाश (चुंबकीय क्षेत्रात गरगरणाऱ्या इलेक्ट्रॉनचा) इन्फ्रारेडमध्ये भर घालतो आणि धुळीचा कण नसतानाही रंग लाल येतो. मंद क्वेसार असेल तर होस्ट गॅलक्सीतल्या (क्वेसार जिच्यात बसलाय तिच्या) म्हाताऱ्या ताऱ्यांचा उजेड मिसळतो तो वेगळाच.

नवशिका: मधेच विचारतो, लाल म्हणजे रेडशिफ्टमुळेच ना?

वर्णपट: नाही हो. रेडशिफ्टने, म्हणजे विश्व पसरल्याने तरंगलांबी ताणली गेल्याने, अख्खा स्पेक्ट्रम रेषांसकट सरकतो, धुळीने रेषा जागच्या हलत नाहीत, फक्त निळी बाजू बुडते. पण दोन्ही एकत्र आले की खरी गंमत. रेडशिफ्ट २ असेल तर आपल्या जी (हिरव्या-निळ्या) फिल्टरमध्ये साधारण ४७०० अँगस्ट्रॉमला (तरंगलांबीचं एकक) जे येतं ते तिकडून १५७० च्या आसपास निघालेलं असतं, आणि तिथे धूळ फार जोरात लागते, म्हणजे धूळ तेवढीच पण लांबचा क्वेसार जास्त लाल, जास्त मंद आणि शेवटी यादीतूनच गायब. म्हणून स्लोन या मोठ्या आकाश सर्व्हेत रंगाची तुलना त्याच रेडशिफ्टच्या बाकीच्या क्वेसारांशी करतात.

रात्रपाळी: मग त्या तुलनेत काय निघालं तेही सांगा की! २००३ चा रिचर्ड्स यांचा पेपर, रंगांच्या आलेखात लाल बाजूला लांब शेपूट, निळीकडे तसं काही नाही. नुसता मूळ रंगातला फरक असता तर दोन्हीकडे पसरला असता.

चौकस: शेपूट तुमची, घ्या. पण मधला पसरट भाग मूळ फरकाचाच. डिस्कच जरा लाल असेल तर स्पेक्ट्रमचा लॉग-लॉग आलेख (दोन्ही अक्ष लॉगरिदमचे) तिरका पण सरळ राहतो, धूळ असेल तर निळ्या टोकाला खाली वाकतो. नुसता जी वजा आय (दोन फिल्टरमधल्या तेजाचा फरक, म्हणजे रंग) बघून निकाल देऊ नका.

वर्णपट: वाकतो, पण कसा वाकतो तेही बघा. आपल्या आकाशगंगेच्या धुळीचा २१७५ अँगस्ट्रॉमचा खड्डा बहुतेक लाल क्वेसारांत दिसत नाही, स्मॉल मॅगेलॅनिक क्लाउड या शेजारच्या छोट्या गॅलक्सीसारखी धूळ जास्त जुळते. (आकाशगंगेची स्वतःची धूळ आधी वजा करा, ते न करताच भांडणारे पण असतात.)

रात्रपाळी: म्हणजे धूळच!

चौकस: धूळ आहेच हो, पण ती नुसती आडवी आलीय का? २०१९ मध्ये दिसलं की लाल क्वेसारांत रेडिओ उत्सर्जन सापडायचं प्रमाण साध्या क्वेसारांच्या जवळपास तिप्पट, आणि तेही आटोपशीर, छोट्या आकाराचं. नुसत्या बघायच्या कोनाने हे कसं होईल?

रात्रपाळी: कोन नाहीच, टप्पा आहे. आधी धुळीत गुरफटलेला, मग क्वेसारचे वायूचे वारे धूळ उडवतात नि निळा दिसायला लागतो.

चौकस: मग पहिल्या पोस्टमधलं "मध्ये धूळ आहे" खोडा, ती मध्ये नाही, क्वेसारच्या घरातलीच झाली.