मदत हवी आहे: उघड्या मचव्याचं लाकडी मॉडेल, आतल्या फ्रेम आणि फळ्यांमधल्या फटी

नमस्कार मंडळी,

मी ठाणे पूर्वेला, कोपरीत राहते. लाकडी बोटींची छोटी मॉडेल्स करणं हा माझा जुना छंद. आतापर्यंत परदेशी किट केली, त्यात फ्रेम लेझरने कापून येतात, फळ्यांच्या पट्ट्या एकसारख्या तासलेल्या असतात, सोबत नकाशा असतो. आता पहिल्यांदाच किटशिवाय एक बोट करायची आहे आणि तिथे मला जाणकारांची मदत हवी आहे.

बोट आहे चेंदणी कोळीवाड्यातल्या ओळखीच्या एका काकांच्या घरची. त्यांच्या वडिलांचा शिडाचा मचवा होता, ठाण्याच्या खाडीत मासेमारी करायचा. तो कधीच मोडीत निघाला. घरात एक फोटो आहे, बाजूने काढलेला, आणि बाकी सगळं काकांच्या आठवणीत. आठवण मात्र पक्की. त्यांना सगळी मापं फुटात आठवतात: लांबी तीस फूट, मधली रुंदी आठ फूट, फळी एक इंच जाड. म्हणून मी १:२४ हे प्रमाण धरलं. अर्धा इंच म्हणजे एक फूट, हिशोब सोपा. मॉडेल पंधरा इंचांचं होईल, म्हणजे ३८ सेंटिमीटर. त्यांच्याशी बोलताना मीही फुटातच बोलते आणि घरी येऊन मिलिमीटर करते. काकांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. मॉडेल त्यांनी हातात घेऊन बघावं आणि 'इथे चुकलं, इथे बरोबर' असं सांगावं, हीच माझी इच्छा आहे. त्यामुळे काम मला लवकर आणि नीट करायचंय.

अडचण पहिली, आणि सगळ्यात मोठी. किटमधल्या जहाजांना वर डेक असतो. त्यामुळे आत बल्कहेड, म्हणजे प्लायच्या आडव्या भिंती उभ्या करायच्या, त्यावर फळ्या चिकटवायच्या आणि वरून डेक झाकायचा. आत काय आहे ते कुणाला दिसत नाही. हा मचवा उघडा. आत डोकावलं की पठाण (तळाचा लांब कणा), त्यावरचे वाक (बरगड्यांसारख्या फ्रेम), बसायच्या आडव्या फळ्या, सगळं दिसायला हवं. बल्कहेड ठेवले तर बोट खोटी दिसेल. काढले तर एक मिलिमीटर जाडीच्या फळ्या आकार धरून ठेवतील का? उघडी बोट करायची पद्धत काय?

अडचण दुसरी. सरावासाठी एका बाजूचा सांगाडा करून त्यावर सागाच्या पट्ट्या बसवून पाहिल्या. ऑगस्टमध्ये काम झालं तेव्हा सांधे घट्ट होते, नखसुद्धा अडकत नव्हतं. फेब्रुवारीत कपाटातून काढलं तर तीन-चार ठिकाणी उजेड दिसावा अशा फटी. शिवाय नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, जाताना प्रत्येक फळी एका कडेवर उचलली जाते, फ्रेमला सपाट टेकतच नाही. क्लिप लावली की टेकते, काढली की परत उचलते.

अडचण तिसरी, लाकूड. खरा मचवा सागाचा होता, पण १:२४ मध्ये सागाचे रेषे फार मोठे दिसतात. बाल्सा नखाने दबतो. प्लायवूडच्या दुकानात मिळणारा विनिअर वाकवताना रेषेत चिरतो. ठाण्यात किंवा नवी मुंबईत बारीक रेषेचं, एक मिलिमीटरपर्यंत कापून मिळेल असं कोणतं लाकूड आहे?

आणि एक लहान प्रश्न: खऱ्या बोटीतल्या खिळ्यांची डोकी एवढ्या लहान मापात कशी दाखवायची?

उत्तर एखाद्याच प्रश्नाचं माहीत असलं तरी कृपया लिहा.

प्रतिसाद १

हत्यारांसाठी मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जा. ०.५ मिमीपासूनची ड्रिल बिट, हाताने फिरवायचा पिन व्हाइस, बारीक कानशींचा संच, सगळं एका फेरीत मिळतं. लाकूड बघायचं तर रे रोडचा लाकूडबाजार. फ्रेमचे आकार कापायला मात्र लांब जाऊ नका. वागळे इस्टेटमध्ये लेझर कटिंगवाले आहेत. संगणकावर रेखाटलेली फाइल दिली की तीन मिमीचा प्लाय कापून देतात.

प्रतिसाद २

ताई, मी ऐरोलीला असतो. नोकरीभर फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न केले, आता घरी बोटी करतो. तुमच्या तिन्ही अडचणी एकमेकींत अडकलेल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

उघडी बोट उलटी करतात. आधी साचा करायचा. लेझरने कापलेले आडवे छेद, म्हणजे बोट आडवी कापली तर दिसेल त्या आकाराचे प्लायचे तुकडे, एका पाटावर उलटे उभे करा, मधल्या जागा देवदाराच्या तुकड्यांनी भरा आणि तासून बोटीच्या आतल्या बाजूचा पूर्ण आकार घडवा. म्हणजे फळीची आणि वाकाची, दोन्हींची जाडी या साच्यातून वजा झालेली हवी. साच्यावर स्वयंपाकघरातली पातळ क्लिंग फिल्म ताणून लावा, म्हणजे गोंद चिकटणार नाही. पठाण आणि नाळ साच्यात कोरलेल्या खाचेत बसवा. मग वाक. दीड-दोन मिमीच्या पट्ट्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं भिजवून साच्यावर वाकवा, रबर बँडने बांधा आणि दोन दिवस हात लावू नका. त्या वाळल्या की त्यावर फळ्या. शेवटची फळी बसली आणि सगळं कडक झालं की बोट साच्यावरून टोपीसारखी उचलता येते. वाक आतून बोटीला धरून राहतात, त्यामुळे एक मिमीची फळी आकार सोडत नाही. बोट उचलल्यावर लगेच आत दोन आडव्या काड्या अडकवा आणि बसायच्या फळ्या बसेपर्यंत त्या काढू नका, नाहीतर तोंड मिटतं.

आता उचलणारी फळी. फळी जाडीच्या दिशेने वाकते, रुंदीच्या दिशेने वाकायला तयार होत नाही. सरळ पट्टी नाळेकडे नेली की ती स्वतःच्या वाटेने वर चढते आणि तुम्ही तिला खाली ओढता, म्हणून एक कड उचलते. तिला दाबून उपयोग नाही, तिचा आकारच तसा कापावा लागतो. कागदाची अरुंद पट्टी घ्या, मधल्या वाकावर पठाणापासून काठापर्यंत गुंडाळा आणि खूण करा. समजा ७२ मिमी भरले, तर सहा मिमीच्या बारा फळ्या. तीच पट्टी नाळेवर लावा. तिथे ४२ मिमी भरले, तर तिथेही फळ्या बाराच, प्रत्येकी साडेतीन मिमी. प्रत्येक वाकावर असे भाग पाडून पेन्सिलने खुणा करा, मग फळी त्या खुणांप्रमाणे रंध्याने निमुळती करा. टोकाची रुंदी मधल्या रुंदीच्या निम्म्याहून कमी होऊ देऊ नका. तेवढी जागाच नसेल तर दोन फळ्या एकीत मिळवायच्या. मागच्या बाजूला जागा वाढत असेल तर पाचरीसारखी निमुळती फळी मध्ये घालतात. जिथे वळण जास्त आहे तिथे पोस्टकार्डाच्या जाडीच्या कागदातून आधी नमुना कापा आणि फळी रुंद पातळ लाकडातून त्या आकाराची काढा. पठाणाला लागून असलेली पहिली फळी नाळेवर वर चढू देऊ नका. ती चढली तर वरच्या सगळ्या फळ्यांना ते वळण भोगावं लागतं. एक फळी डावीकडे, एक उजवीकडे, असंच जा. एकच बाजू आधी पूर्ण केली तर पठाण पिळतो.

फटी. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. आपल्याकडे पावसाळ्यात हवेत ८०-९० टक्के आर्द्रता असते, तेव्हा लाकडात १६ ते १८ टक्के ओलावा राहतो. फेब्रुवारीत तो १०-१२ वर येतो. सहा मिमीच्या फळीला एवढ्यात साधारण ०.१ मिमीचा फरक पडतो. एका फळीला काहीच नाही, पण बारा फळ्यांच्या अंगाला सव्वा मिमी होतो, आणि तो सगळीकडे सारखा न वाटला जाता जिथे गोंद कमी तिथे उघडतो. ऑगस्टमध्ये फुगलेल्या पट्ट्या जोडल्या, त्या फेब्रुवारीत आकसल्या. मी फळ्या डिसेंबर ते मार्चमध्ये बसवतो. पावसाळ्यात करायचंच असेल तर कापलेल्या पट्ट्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत पंधरा दिवस ठेवा आणि लागेल तेवढीच काढा. काम झालं की आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून, स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा (लाख) लावा. एकाच बाजूला लावलात तर दुसरी बाजू ओलावा घेते आणि फळी पन्हाळीसारखी होते. चपडा ओलावा थांबवत नाही, पण त्याची ये-जा बरीच मंद करतो.

गोंद: सांध्याला फेविकॉल, पण अगदी पातळ थर. तो पाण्याचा आहे, जास्त लागला तर पातळ फळी त्यानेच फुगते. धरून ठेवायला वाकावर फेविक्विकचा एक ठिपका. सागाला तेल असतं, त्यावर गोंद लावण्याआधी थिनरने पुसून घ्या.

लाकूड: हळदू. पिवळसर, रेषे दिसतच नाहीत म्हणावेत इतके बारीक, कातकामाला पूर्वीपासून वापरतात. दुसरं शिवण, हलकं आणि कमी हलणारं. साच्यावर वाकवायला मला शिवण बरी वाटते. फळ्यांना हळदू घ्या आणि वरून सागाच्या रंगाचा हलका हात द्या. दुकानात तयार एक मिमी मिळणार नाही. उभ्या रेषांचा जाड तुकडा घ्या, बारीक पात्याच्या टेबल सॉवर दोन मिमीच्या पट्ट्या काढून घ्या आणि पुढे घरी सपाट पाटावर पॉलिश पेपरने उतरवा.

खिळ्यांसाठी बांबू. बांबूची काडी चिरून, सोनार तार ओढतात त्या भोकांच्या पट्टीतून, म्हणजे जंतरातून, एकेक भोक लहान करत ओढा. अर्ध्या मिमीपर्यंत सहज येते. खरं डोकं अर्ध्या इंचाचं धरलं तर १:२४ मध्ये ते ०.५ मिमीच होतं. भोक पाडा, काडी गोंदात बुडवून घाला, कापा, घासा. प्रत्येक वाकावर प्रत्येक फळीला दोन, एका रेषेत न घेता किंचित तिरपे. हे काम कंटाळवाणं आहे, पण मॉडेलमध्ये जीव त्यानेच येतो.

धागाकर्ती

ऐरोलीचे काका, मनापासून धन्यवाद. उलटं करायचं हे डोक्यातच आलं नव्हतं, आता सगळं उलगडलं. जंतर झवेरी बाजारात बघते.

साच्यासाठी मला छेद हवेत आणि तिथे मी अडले आहे. फोटोवरून बाजूची रेषा मिळते, आडवे छेद मिळत नाहीत. चेंदणीचे काका सांगतात की नाळ बरीच पुढे झुकलेली होती आणि पोट खाली रुंद होऊन मग पठाणाकडे एकदम आत जायचं. पण 'एकदम' म्हणजे किती, ते हाताने दाखवतात. ते मी कागदावर कसं आणू?

प्रतिसाद ३

ताई, मी दिवाळ्याचा, बेलापूरजवळ. तुमचा धागा वाचून बरं वाटलं. आमच्याकडे आता बहुतेक बोटी फायबरच्या. लाकडाच्या उरल्यात त्या जुन्या, पण आहेत, आणि काही चिखलात टेकून पडल्यात. मोडायच्या आधी त्या कुणीतरी मोजायला हव्यात असं मला किती दिवस वाटतंय.

छेद खऱ्या बोटीवरून घ्या. तुमच्या काकांच्याच मचव्याची सख्खी बहीण मिळणार नाही, पण याच खाडीतली, त्याच घडणीची मिळेल. जून-जुलैत यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, बोटी वर ओढलेल्या असतात, खालून नीट बघता येतात. सोबत दोन माणसं, ओळंबा, पाण्याची नळी (पातळी बघायची), गुण्या (काटकोन्या) आणि टेप. बोटीच्या बाजूला पठाणाला समांतर एक दोरी ताणा. त्या दोरीवर दर दोन फुटांना खूण. प्रत्येक खुणेवर एक सरळ काठी ओळंब्याने उभी धरा आणि काठीवर दर सहा इंचांना बोटीपर्यंतचं आडवं अंतर मोजून वहीत लिहा. घरी आलेखाच्या कागदावर ते बिंदू टाकून लवचिक पट्टीने जोडलेत की छेद तयार. एखादा बिंदू रेषेबाहेर जात असेल तर तेवढंच माप परत घ्या. मधल्या भागाचे पाच-सहा छेद नीट आले तर बाकीचे त्यावरून ओढता येतात.

मग तीस फूट लांबी आणि आठ फूट रुंदीला ते प्रमाणात आणा आणि काकांना दाखवा. पण कागद दाखवू नका. मधला छेद पुठ्ठ्यातून खऱ्या मापाचा, आठ फूट रुंद, कापा आणि भिंतीला उभा करा. आमचे आजोबा कागदावरची बोट ओळखायचे नाहीत, पण फळीवर हात फिरवून 'इथे दोन बोटं जास्त झालं' हे सांगायचे. तुमचे काकाही सांगतील.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. मालकाला विचारल्याशिवाय बोटीला टेप लावू नका, आणि आत चढताना चपला बाहेर काढा. मोजायला येणार असाल तर इथे लिहा, मी गावात विचारून ठेवतो. मालक ओळखीचे आहेत.

प्रतिसाद २

दिवाळ्याच्या दादांनी सांगितलं ते सोन्यासारखं आहे. मी ऐरोलीहून येतो, काठी आणि पाण्याची नळी माझ्याकडे आहे. ताई, जाण्यापूर्वी एकदा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं समुद्री वारशाचं दालन पाहून या. शिवाय फ्रेंच नौदल अधिकारी पारीस यांनी भारतीय किनाऱ्यावरच्या बोटी मोजून काढलेले आराखडे १८४०च्या दशकात प्रसिद्ध झाले, ते आता इंटरनेटवर बघता येतात. छेद कसे मांडायचे हे त्यावरून शिकायला मिळतं.

धागाकर्ती

दादा, ऐरोलीचे काका, दोघांचेही आभार. चेंदणीच्या काकांना विचारलं. पुठ्ठ्याचा छेद त्यांच्या अंगणात उभा करायला त्यांनी होकार दिलाय, आणि दिवाळ्याला तेही येणार म्हणतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात भरतीची वेळ बघून दिवस ठरवू. दादा, बोट कोणत्या बाजूला टेकलेली आहे ते आणि मोजायच्या दिवशी चिखल किती असेल ते आधी कळवा, काकांसाठी फळ्यांची वाट करावी लागेल.