युद्धात नेते डोकं ठिकाणावर कसं ठेवतात?

प्रश्न: रोज माणसं मरताहेत आणि निर्णय आपलाच. अशात झोप कशी लागते यांना?

प्रतिसाद १: चर्चिल दुपारी चक्क अंथरुणात शिरून झोपायचे, मग मध्यरात्रीपर्यंत सहकाऱ्यांना जागवायचे! (त्या बिचाऱ्यांचा ताण कोण बघणार?) चित्रकला मात्र युद्धात जवळपास बंदच. जानेवारी १९४३मध्ये मोरोक्कोतल्या मराकेशला काढलेलं एक चित्र, तेही अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्टना देऊन टाकलं.

प्रतिसाद २: मला लिंकन जास्त पटतात. जुलै १८६३, अमेरिकेतलं यादवी युद्ध. गेटिसबर्गच्या लढाईनंतर शत्रूचा सेनापती ली निसटला. भडकून लिंकननी आपल्याच सेनापतीला, जनरल मीडना, पत्र लिहिलं. सही केली नाही, पाठवलंही नाही.

प्रश्नकर्ता: दुसऱ्या महायुद्धातले सेनापती आयझेनहॉवर, त्यांचं काय?

प्रतिसाद २: सिगारेटी! एकामागून एक. शिवाय जून १९४४मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर सैन्य उतरण्याआधीच, फसलं तर दोष माझा, अशी चिठ्ठी लिहून ठेवली होती. तारीखही चुकून जूनऐवजी जुलैची घातली.