'श्वसन-कार्यक्षमता' ४४ झाली, पेढे वाटायचे का?

रामबागची लेक: आत्या इंदूरला असते. तिच्या फुप्फुसांच्या धमन्यांमधला दाब वाढलाय. सायकलवर बसवून, तोंडाला मास्क लावून तपासणी केली. रिपोर्टातल्या 'व्हेंटिलेटरी एफिशियन्सी'चं मी 'श्वसन-कार्यक्षमता' केलं, पुढे आकडा ४४, नॉर्मल साधारण ३०च्या आत. घरच्या ग्रुपवर टाकलं. आत्या खूश, पेढे आणायला निघाली! डॉक्टर म्हणाले, हा आकडा चढणं वाईट. मग मराठीत लिहायचं काय?

शुद्धमती: 'श्वसनदक्षता' म्हणा. 'कार्यक्षमता' कचेरीतला शब्द आहे.

जुना इंदूरकर: दक्षता म्हटलं की आमच्याकडे दक्षता समिती येते, ताई.

भाता: शब्द कुठलाही घ्या, घोळ तसाच राहील. एक लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला किती लिटर हवा आत-बाहेर करावी लागते, ते हा आकडा सांगतो. म्हणजे गाडीचं ॲव्हरेज उलटं मांडल्यासारखं. मी तर 'श्वासखर्च' म्हणेन. खर्च वाढला म्हटल्यावर कोणी पेढे आणत नाही.

रामबागची लेक: छान आहे! पण या आजाराच्या सगळ्या प्रकारांत तो सारखाच वाढतो का? आत्याला गुठळ्यांचा प्रकार सांगितलाय.

भाता: नाही. इंदूरचा रात्रीचा सराफा, म्हणजे ती खाऊगल्ली, डोळ्यांसमोर आणा. दुकानं उघडी, दिवे लागलेले, पण गल्लीच्या तोंडाशीच कोणी बांबू बांधून वाट अडवली. जुन्या गुठळ्यांनी रक्तवाहिनी बुजते तेव्हा असं होतं: वायुकोशात, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत, हवा येते, रक्त पोचत नाही. तो श्वास फुकट. म्हणून दाब साधारण तेवढाच असला तरी, बारीक धमन्याच अरुंद होतात त्या प्रकारापेक्षा इथे श्वासखर्च सहसा जास्त निघतो. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दुखण्यामुळे दाब वाढला असेल तर सहसा इतका चढत नाही; तिथे गल्ल्या उघड्या असतात, पुढचा चौक तुंबलेला असतो. फुकट श्वास हे एकच कारण नाही म्हणा, व्यायामात मेंदूही श्वासाची जास्त घाई करतो.

शुद्धमती: 'फुकट श्वास' काय! त्याला 'मृत अवकाश' म्हणतात.

जुना इंदूरकर: इंदुरात 'अवकाश' म्हणजे सुट्टी. शाळेच्या पाटीवर लिहितात, 'आज अवकाश है'. 'मृत अवकाश' वाचून आत्या विचारेल, कोण गेलं?

शुद्धमती: हिंदीच्या सोयीसाठी मराठी वाकवायची का?

जुना इंदूरकर: वाकवत नाही, इथे जन्मलोय. आमच्या घरी जिना चढला की 'दम भरतो'. पुण्याच्या मावशीला सांगितलं तर म्हणाली, "कोणाला दम भरलास रे?"

शुद्धमती: बरोबरच आहे. दम भरणे म्हणजे धमकावणे. तुम्हाला म्हणायचंय दम लागणे किंवा धाप लागणे.

पाटीवरचा खडू: 'दम' फारसी, म्हणजे श्वास. 'दमा'ही तिथलाच. पण 'दमणे' संस्कृत 'दम्'वरून, आवरणे, वठणीवर आणणे. जिना चढून दमलेला माणूस मुळात माणसाळवलेला बैल आहे!

शुद्धमती: ओढूनताणून. दम लागतो म्हणून दमतो, सरळ आहे.

पाटीवरचा खडू: सरळ दिसतं तिथेच माणूस फसतो. 'धमनी' घ्या. 'धम्' म्हणजे फुंकणे, धमनी म्हणजे मुळात फुंकायची नळी. माझ्या मते 'धाप'ही त्याच भात्यातून निघाली.

भाता: धमनीपर्यंत मान्य. धापेचा पुरावा आणा.

रामबागची लेक: आत्याला 'श्वासखर्च' सांगितलं. म्हणते, "तपासणीचा खर्च वेगळा आणि हा वेगळा का ग?"

जुना इंदूरकर: खडूभाऊ, 'दम आलू'तला दम कुठला? फारसी की बैलाचा?

पाटीवरचा खडू: फारसीच. झाकण लावून स्वतःच्याच वाफेवर, म्हणजे श्वासावर शिजवायचं.

शुद्धमती: त्याला मराठीत 'वाफवलेले बटाटे' म्हणतात.

जुना इंदूरकर: ताई, एकदा या इंदूरला. खाऊ घालतो, मग सांगा.