पुस्तक जत्रेतला दिवस, एखादं प्रकाशन, एखाद्या लेखकाशी गप्पा: तुमचे अनुभव सांगा

रानजाई
काल नाशिकात गंगापूर रोडने येताना डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर मांडवाचे बांबू उतरवत होते. प्रदर्शन कसलं ते कळलं नाही, पण एकदम ती पुस्तक जत्रा आठवली. छोट्या प्रकाशकांनी मिळून एका मंगल कार्यालयात भरवलेली. सकाळी दहापासून प्रकाशनं आणि गप्पा, एकामागून एक.

जेवणानंतरची वेळ होती, अर्धं सभागृह पेंगत होतं. पुस्तक निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदार बाईंचं. प्रकाशन कोणाच्या हस्ते? त्यांच्या बागेत छाटणीला येणाऱ्या सुरगाण्याच्या दोघी बायांच्या. फीत सोडल्यावर एकीने पुस्तक आधी कपाळाला लावलं. मग लेखिकाबाईंनी भाषण न करता खरड छाटणीचं प्रकरणच वाचलं. एप्रिलच्या उन्हात वेल पार बोडकी करायची, नव्या फुटीची काडी पिकू द्यायची आणि ऑक्टोबरच्या गोड्या छाटणीनंतर तिच्यातून घड निघतात का, याकडे डोळे लावून बसायचं. पेंगणारे कधी सरळ बसले कळलंच नाही.

मागून एक काका उठले, "ताई, मजुरीचं काही लिहिलंय का यात?" बाई म्हणाल्या, "लिहिलंय काका, थांबा." पान काढून वाचलं. कोणत्या साली किती रोज दिला, गारपिटीच्या साली किती थकला आणि तो कधी चुकता केला. त्या दोघी पहिल्या रांगेत बसून ऐकत होत्या. एकीने मान हलवली, बरोबर आहे म्हणून. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्यासमोर ते मोठ्याने वाचायचं, याहून मोठं प्रकाशन मी पाहिलेलं नाही.

तुम्हीही लिहा. मोठा कार्यक्रम असो की चार खुर्च्यांचा.

गोदाकाठ
अगं मी होते तिथे!! उजवीकडे खांबाजवळ. ती मान हलवलेली मीही पाहिली. नंतर त्या दोघींना सही मागायला लहान मुलं गेली, त्यांनी अंगठा दिला, तेव्हा मला रडू आलं होतं. कुकर झाला, नंतर लिहिते.

फर्मा_सोळा
माझा स्टॉल असतो अशा जत्रांत. पुस्तकाची किंमत आम्ही फर्म्यावर मोजतो, एक फर्मा म्हणजे सोळा पानं. वितरकाकडून पुस्तक गेलं की छापील किमतीतला मोठा तुकडा कमिशनमध्ये जातो आणि पैसे कधी येतील ते त्याच्या मर्जीवर. पूर्वी हजाराची आवृत्ती काढायचे, आता कित्येक जण तीनशे-पाचशेवरच थांबतात. म्हणून जत्रेतली थेट विक्री आम्हाला लाखमोलाची. नवीन आयोजकांना कळकळीने सांगतो, गप्पांचं व्यासपीठ आणि स्टॉल एकाच छताखाली ठेवा. गप्पा संपल्यावरची पंधरा मिनिटं हीच आमची दिवाळी. सभागृह वरच्या मजल्यावर आणि स्टॉल खाली असले की लोक ऐकून थेट गाडीला किक मारतात.

बिटको_पॉइंट
मांडवाचं सोडा, शालिमारला गाडी कुठे लावायची ते सांगा. गेल्या वेळी तिथल्या कालिदास नाट्यगृहात कार्यक्रम होता, मी पार्किंग शोधेपर्यंत आभारप्रदर्शन.

गोदाकाठ
@बिटको_पॉइंट सीबीएसपर्यंत बसने या हो दादा, पुढे चालत.

पटांगण
वसंत व्याख्यानमाला कोणी नाही का काढली अजून? मे महिना, गोदाघाट, यशवंतराव महाराज पटांगण. १९२२पासूनची परंपरा आहे. आजोबा मला घेऊन जायचे. दिवसभर तापलेली फरशी संध्याकाळीही गरम असायची, खाली सतरंजी. अर्थशास्त्रावरचं काही कळायचं नाही, पण भाषण झाल्यावर वक्त्याला गराडा घालून वाद घालणारी माणसं बघायला मला फार आवडायचं. आजोबा त्यांत सगळ्यात पुढे. पुस्तकांवरची व्याख्यानं ऐकून आले की दुसऱ्या दिवशी सार्वजनिक वाचनालयात जाऊन तेच पुस्तक मागायचे. ते वाचनालय १८४०चं, हे आम्हाला अभिमानाने पुन्हा पुन्हा सांगायचे. आजोबा गेले त्या वर्षी मी एकटाच गेलो होतो ऐकायला.

रानजाई
@पटांगण किती छान लिहिलंत. आजोबांबद्दल अजून लिहा ना.

सुरगाणा_मास्तर
आमच्या शाळेत कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पेटी आली होती, शंभर पुस्तकांची. त्यातलं एक पुस्तक मुलांनी इतकं वाचलं की शिवण सुटली. त्याच लेखकाच्या गप्पा नाशिकच्या जत्रेत आहेत कळलं, म्हणून जीप करून सातवीची पोरं नेली. प्रश्नोत्तरं सुरू झाली. मोठी माणसं प्रश्न विचारायच्या नावाखाली स्वतःचंच सांगत होती. मग आमची एक मुलगी उठली, "सर, पुस्तकातला म्हातारा शेवटी घरी का नाही गेला? आम्ही वर्गात भांडलो त्यावरून." लेखक गप्प. मग म्हणाले, "तुमच्यात कोण काय म्हणत होतं ते आधी सांग." पुढचा सगळा वेळ तेच चाललं, सूत्रसंचालकांनीही अडवलं नाही. शिवण सुटलेली प्रत आम्ही सोबत नेली होती, त्यांनी तिच्यावरच सही केली. नवी देत होते, पोरांनी घेतली नाही.

फर्मा_सोळा
@सुरगाणा_मास्तर सर, ती प्रत पाठवा, बाइंडिंग करून देतो. पैशाचं बोलू नका.

सिन्नरी
आमच्याकडे देशवंडी म्हणजे लोककवी वामनदादा कर्डकांचं गाव, त्यामुळे पुस्तक प्रकाशन म्हटलं की आधी गाणं, मग भाषणं. एका मित्राचा कवितासंग्रह असाच निघाला. शाल-श्रीफळाला फाटा दिला, त्या पैशात पुस्तकं घेऊन वाडीवरच्या अभ्यासिकेला दिली. कथाकार बाबूराव बागूल नाशिकचे, त्यांच्यावर एक म्हातारे गृहस्थ न थांबता बोलले, हातात कागद नव्हता. कोणी रेकॉर्ड केलं नाही याचं आजही वाईट वाटतं. आयोजकांनो, मोबाईल लावून ठेवत जा कुठेतरी.

नवी_पालवी
माझं पहिलं पुस्तक मागच्या वर्षी आलं. पाऊस होता, घरचे आणि शेजारचे स्टॉलवाले एवढेच समोर. आई कधी माझ्या कार्यक्रमाला आलेली नव्हती, त्या दिवशी आली. तिच्यावरची कविता वाचताना आवाज फुटेना, तर शेजारच्या स्टॉलवरच्या ताईंनी येऊन माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि पुढच्या ओळी वाचल्या. ओळख ना पाळख. आता दर आठवड्याला फोन असतो आमचा.

गोदाकाठ
@नवी_पालवी 🙏 पुस्तकाचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, मला हवंय.

पटांगण
मलाही.

बिटको_पॉइंट
पावसावरून आठवलं, २०२१चं साहित्य संमेलन नाशिकच्या आडगावला झालं तेव्हाही डिसेंबरात पाऊस. अध्यक्ष खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पण तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत. त्यांना ऐकायचं म्हणून मी मुलाला घेऊन गेलो होतो, त्याला तेव्हा ताऱ्यांचं वेड. तो नाराज झाला, मग ग्रंथदालनातून त्यांचीच पुस्तकं घेऊन दिली. आता इंजिनिअरिंगला आहे, पुस्तकं अजून त्याच्याच कपाटात.

कांदेभजी
रानजाई ताई, त्या द्राक्षाच्या पुस्तकात डिपिंगबद्दल, म्हणजे घड औषधाच्या द्रावणात बुडवतात त्याबद्दल, आहे का? आमच्या वडिलांची हयात त्यात गेली, हात कायम चिकट. त्यांना वाचून दाखवायचंय, त्यांना आता दिसत नाही.

रानजाई
@कांदेभजी आहे, अख्खं प्रकरण आहे. माझ्याकडे जास्तीची प्रत आहे, पत्ता व्यनि करा, उद्याच टाकते पोस्टात. आणि वडिलांना काय आठवलं ते इथे नक्की लिहा.

गोदाकाठ
भजी काका, बाबांना आमचाही नमस्कार सांगा. त्या मैदानावर काय आहे ते कळलं का कोणाला? रविवारी मोकळी आहे मी.

फर्मा_सोळा
हातमाग प्रदर्शन आहे. पुस्तकांचं ठरलं की इथेच टाकतो.