दोन चंद्रांच्या जगाचे पंचांग कसे बसवावे?

खानापूरकर: आम्ही पाच मित्र दर रविवारी बेळगावात भूमिका-खेळ, म्हणजे कल्पित जगातली पात्रे वठवण्याचा खेळ, खेळतो. मी रचलेल्या जगात दोन चंद्र आहेत. एकाची पौर्णिमा 28 दिवसांनी येते, दुसऱ्याची 35 दिवसांनी. वर्ष मात्र 365 दिवसांचे ठेवल्यामुळे महिन्यांचा मेळ कशाशीच बसत नाही. मागच्या खेपेला ‘आज पौर्णिमा आहे का?’ या साध्या प्रश्नावर मी वही चाळत बसलो. काय करावे?

शहापूरचा वाचक: 28 दिवसांच्या चंद्राचे 13 महिने धरल्यास 364 दिवस होतात. आपले चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचे असल्यामुळे साधारण 32-33 महिन्यांनी अधिक मास घालावा लागतो. तुमच्याकडे दरवर्षी एकच दिवस मागे पडेल, म्हणजे 28 वर्षांतून एकदा अधिक महिना पुरे. दोन्ही पौर्णिमा एकत्र आल्या की पुढचा तसा योग 140 दिवसांनी येईल, तेव्हा जत्रा तिथेच भरवा.

निपाणीकर: गणित ठीक, पण माणसे कुठे आहेत? आपल्याकडे पाडवा आणि उगादी एकाच दिवशी येतात, तरी शिवजयंती महाराष्ट्र शासन 19 फेब्रुवारीला साजरी करते आणि बेळगावची चित्ररथ मिरवणूक वैशाखात निघते. तुमच्या सीमेवरच्या दोन राज्यांनाही असे वेगळे हिशेब द्या. तहाची तारीख कोणत्या पंचांगाची, यावरच एक अख्खा रविवार निघेल.

खानापूरकर: आभारी आहे. तासांऐवजी घटिकाही घेतो. 24 मिनिटांची एक, दिवसरात्रीच्या 60. पहारेकऱ्यापुढे पाण्यात बुडणारे भोकाचे भांडे ठेवले की चोराला किती वेळ उरला, हे खेळाडूंना डोळ्यांनी दिसेल.