धंदेवाल्या बाईनं 'व्यवसाय' या रकान्यात लिहायचं काय?

रानवाट
काल लाडकी बहीणच्या चर्चेत एका सेतूवाल्या भाऊंनी लिहिलं, "एक धंदेवाली उत्पन्नाचा दाखला मागायला आली होती. परत पाठवली. उद्या हातभट्टीवालाही येईल." खाली हसणाऱ्यांची ही रांग. उत्तर लांबलं म्हणून वेगळं लिहिते.

मी टीआय प्रकल्पात, म्हणजे धंद्यातल्या बायकांमध्ये एचआयव्ही रोखण्याच्या प्रकल्पात, ओआरडब्ल्यू (वस्तीत फिरणारी कार्यकर्ती) आहे. आमचं काम तपासणीचं, पण अर्धा दिवस जातो कागदांत. भाऊ, हातभट्टी गुन्हा आहे. सज्ञान बाईनं स्वतःच्या मर्जीनं, एकटीनं धंदा करणं हा गुन्हा नाही. १९५६ चा पिटा, म्हणजे देहव्यापार रोखण्याचा कायदा, अड्डा चालवणाऱ्याला धरतो, दलालाला धरतो, रस्त्यात गिऱ्हाईक बोलावण्याला आणि शाळा-देवळापासून २०० मीटरच्या आतल्या धंद्याला धरतो. दाखला मागणं त्यात कुठंच नाही.

कोरोनात, सप्टेंबर २०२० मध्ये, सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ओळखीचा पुरावा न मागता या बायकांना कोरडं रेशन द्या. मे २०२२ मध्ये त्याच कोर्टानं आधारची वाट मोकळी केली. पत्त्याचा पुरावा नसला तरी एड्स नियंत्रण सोसायटीच्या अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर कार्ड निघतं, आणि कार्डावर धंद्याची खूण राहता कामा नये. पण आधार सांगतं ती कोण. ती कमावते किती, हे कोण सांगणार?

आमच्या प्रकल्पातल्या एकीला दोन खोल्या बांधायला कर्ज हवं होतं. पतसंस्थेत रोजची पिग्मी, एक खाडा नाही. साहेब म्हणाले, "ही बचत झाली बाई, उत्पन्न कुठंय?" संजय गांधी निराधार योजनेच्या यादीत 'वेश्या व्यवसायातून मुक्त केलेल्या महिला' आहेत. म्हणजे सोडला तर सरकार ओळखतं. करत असेल तर ती मजूर, शिवणकामवाली, धुणीभांडीवाली, काहीही, फक्त ती जे करते ते नाही.

अर्जनवीस
तो मीच. हसायला लिहिलं होतं, तुम्ही अंगावर घेतलं. आता माझी बाजू ऐका. अर्जासोबत तलाठी अहवाल लागतो. स्वयंघोषणापत्रात खोटं निघालं तर अर्जदार अडकते, आणि गावात बोंब होते ती सेतूवाल्याची. मी काय टाकायचं तिथं? 'इतर'?

रानवाट
हो, 'इतर'. तुमच्या मशीनमध्ये आहे ना ते?

कपाशीवाला
ताई, तुमचं खरं असन. पण मले एक सांगा, आमचं उत्पन्न कोन मानते? सात एकर कपाशी, बोंडअळीनं अर्धी खाल्ली, उरली ते व्यापाऱ्यानं मातीमोल नेली. पीककर्जाले गेलो तं म्हने सिबिल खराब. मुख्यमंत्री दर खरिपाले बँकाईले दम देते, सिबिल मागू नका म्हनते. बँक काय ऐकते? आम्ही सातबारा घिऊन बी उभेच हाओत, तं त्या बाईले कोन बसवन खुर्चीवर?

सातबारा
तलाठी म्हणूनच निवृत्त झालो (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), तेव्हा मलाही बोलू द्या. खरा घोळ उलटा आहे. उत्पन्न जास्त दाखवा म्हणून कोणी कधी माझ्याकडे आलं नाही. सगळे कमी दाखवायला येतात. निराधारला मर्यादा वर्षाची २१ हजार, म्हणून अर्ध्या गावाचं उत्पन्न २१ हजाराच्या आत. शिष्यवृत्तीला अडीच लाख, लाडक्या बहिणीला अडीच लाख, तिथं ट्रॅक्टरवाल्याची सूनही अडीचच्या आत. ही बाई म्हणते, माझं आहे तेवढं लिहा. अशा अर्जाची सवयच नाही हो दप्तराला.

कपाशीवाला
ट्रॅक्टरवाला म्हनजे मी का? ट्रॅक्टर फायनान्सवर हाये, हप्ते तुम्ही भरता का? अन् लिहिलं कोनं ते २१ हजार? तुमच्याच सहीनं ना बावा!

सातबारा
सहीमागे सरपंचाचा फोन असायचा. तेही विचारा.

वर्धेकर
लाडकी बहीणचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या गल्लीत चारचाकी असलेल्या घरात १५०० येतात, आणि माझ्या विधवा चुलतबहिणीचं केवायसीत अडकलं. पिवळं किंवा केशरी कार्ड असलं की उत्पन्नाचा दाखलाच लागत नव्हता. आणि केशरी कार्ड कोणाकडं नाही?

अर्जनवीस
केवायसीवर बोलू नका वर्धेकर. सर्व्हर रात्री दोनला चालायचा, शिव्या आम्ही खाल्ल्या.

वर्धेकर
शिव्याही खाल्ल्या आणि पैसेही. आमच्याकडे फॉर्ममागे शंभर घेत होते.

अर्जनवीस
नाव घेऊन बोला, नाहीतर गप्प बसा.

रानवाट
माझ्या विषयाची पार खिचडी झाली. कर्जाचं कोणी सांगेल का?

जमाखर्च
रिटर्नची कामं करतो, तेवढंच सांगतो. आयकर खातं पैसा कसा कमावला यावर नाक मुरडत नाही, कर मागतं. अंदाजी उत्पन्नाच्या तरतुदीखाली लहान धंद्याचं विवरण भरता येतं, वह्या ठेवाव्या लागत नाहीत. रोखीच्या धंद्यात उलाढालीच्या किमान ८ टक्के नफा धरतात, जास्त असेल तर जास्त दाखवायचा. कर शून्य निघाला तरी भरा. बँका बहुधा दोन-तीन वर्षांची विवरणं बघतात, म्हणून सुरुवात आज करा. पिग्मीचे पैसे बचत खात्यातून फिरवा, म्हणजे आकड्याला आधार राहतो. उत्पन्नाच्या दाखल्यावर घराचं कर्ज तसंही होत नाही. तो शाळा-शिष्यवृत्तीचा कागद.

कपाशीवाला
म्हनजे आता त्या बाईनं सीए लावावा. वा रे वा.

नाव कशाला
मी त्याच लाईनीतली. आधी नागपुरात गंगा-जमुनाला होते. ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी बॅरिकेड लावले, तेव्हापासून इकडे. ताई, तुम्ही चांगलं लिहिलं, पण एक गोष्ट राहिली. तलाठी चौकशीला आला की शेजारच्या दोघांना विचारतो. माझ्या शेजाऱ्यांना मी केटरिंगमध्ये पोळ्या लाटते एवढंच माहीत आहे. घरमालकालाही. तुमच्या खऱ्या दाखल्यासाठी मी खोली सोडू का? पोरगी अकरावीत आहे. ती अठराची झाली की पिटाच्या कलम ४ मध्ये तिलाही ओढता येतं, माझ्या कमाईवर जगते म्हणून, असं एका वकिलानं सांगितलंय. मी 'मजुरी' लिहिते आणि पुढंही तेच लिहीन. मान तुम्हाला पाहिजे, मला खोली पाहिजे.

रानवाट
बाई, मान मलाही नको. 'मजुरी' लिहिलं की साहेब महिन्याचे सात-आठ हजार धरतात आणि तेवढ्यात कर्ज बसत नाही, भांडण एवढंच आहे. बचत गटातल्या मायक्रोफायनान्सला तीन लाखांच्या आतलं घर चालतं, पण तिथला व्याजदर माहीत आहे ना?

नाव कशाला
माहीत आहे. दर आठवड्याला दारात वसुलीवाला उभा असतो. तोही विचारत नाही मी काय करते. हप्ता घेतो आणि जातो.

सातबारा
चौकशीचं ती बरोबर बोलली. पंच गावातलेच असतात, पोटात काही राहत नाही त्यांच्या. तिच्यासाठी रिटर्नच बरा, त्यात शेजारी येत नाही.

वर्धेकर
कोलकात्यात याच बायकांनी १९९५ मध्ये स्वतःची सहकारी संस्था काढली, उषा नावाची. स्वतःची बचत, स्वतःचं कर्ज. आपल्याकडे पतसंस्थांचं पीक आहे, पण संचालक सगळे पुढाऱ्यांचे साळे.

अर्जनवीस
मोठं ज्ञान मिळालं, धन्यवाद. रानवाट ताई, पाठवा तुमच्या बाईला. 'इतर' टाकून देतो. अहवाल मात्र तिनं आणायचा, मी तलाठ्याच्या मागं फिरणार नाही. आणि तो हातभट्टीचा मेसेज काढतो, पण तुम्ही ओरडलात म्हणून नाही. वहिनी वाचतात माझं लिहिलेलं.

जमाखर्च
पॅन कार्ड आहे का तिच्याकडं? आधी ते बघा. आधार आणि पॅनच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी जोडणी अडते.

रानवाट
आधारवर नाव वेगळं आहे. माहेरचं.

कपाशीवाला
माह्याबी सातबाऱ्यावर आजाचं नाव हाये अजून. फेरफार कवा होते ते सांगा ना सातबारा साहेब, तुम्ही तं तिथंच होते!